लोहाजी यंत्रपुरुष आणि कमरेचा तह

श्री. अंधारात उजेड पाडोन माणसांस हसविते आणि रडविते ती जी देवता, तिचे पायी मस्तक ठेवोन, आणि ज्यांनी ज्यांनी या कामी आपली झोप घालविली त्या सर्वांस नमस्कार करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले असे. संवत्सराचे नाव क्रोधी, आणि त्याने आपल्या नावास कोठे कमीपणा येऊ दिला नाही. मुलुखाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यास तट नव्हता, बुरूज नव्हता. पत्र्याच्या उंच शाळा होत्या आणि त्यांत खोटी घरे, खोटे बाजार, खोटी न्यायालये उभी राहात आणि चित्रण उरकले की पाडिली जात. तेथील धनी श्रीमंत अवधूतराव टिपरे. चित्रपट काढणे हाच त्यांचा राजधर्म. मनुष्य मोठ्या मनाचा, वाणी गोड, दृष्टी तीक्ष्ण, परंतु स्वभाव ऐसा की जो शेवटी येऊन बोलेल त्याचे खरे वाटावे. आणि त्यांचे कारभारी कालिंदीबाई खरवंडीकर. कोणी केव्हा यावे, कोठे उभे राहावे, काय खावे, दिवे कोणी लावावे आणि भांडण जाहल्यास कोणाची समजूत काढावी, हा सर्व बंदोबस्त त्यांजकडे. श्रीमंतांनी हुकूम करावा, आणि मग तो फिरवावा, आणि मग फिरविलेला पुन्हा फिरवावा, आणि बाईंनी दर खेपेस लोकांस जाऊन सांगावे, ऐसी वहिवाट पडली होती. बाई संतापत, परंतु चेहऱ्यावर दाखवीत नसत. फक्त चष्मा काढोन पुसत. त्या संवत्सरी चष्मा इतका पुसला गेला की काचेस ओरखडे पडले.

तर श्रीमंतांचे मनी एक कथा भरली. एक वृद्ध विधवा घाटाखालच्या गावी एकटी राहाते, तिचा लेक परदेशी, आणि तो आईच्या सोबतीस एक यंत्रमानव पाठवितो, ज्यास हल्लीचे लोक रोबो म्हणतात. म्हातारी त्यास घरात घेत नाही, मग अंगणात घेते, मग स्वयंपाकघरात घेते, आणि शेवटी एके दिवशी तो तिचा हात धरितो आणि ती धरू देते. इतकीच कथा. लढाई नाही, पळापळ नाही. म्हातारीच्या कामी रत्नप्रभाबाई आजरेकर यांस नामजद केले. त्यांची कीर्ती मोठी, वयही मोठे, गुडघे कुरकुरत, परंतु डोळ्यांत पाहोन बोलू लागल्या म्हणजे समोरच्या नटाने आपले वाक्य विसरावे. सर्व सिद्ध जाहले, आणि मग प्रश्न उभा राहिला की यंत्रमानव आणावा कोठून.

दरबारात दोन पक्ष होते. पहिला यंत्रशाळेचा. त्याचे मुख्य विश्वंभरपंत तेंडोलीकर. लोखंड, रबर, तारा, मोटारी यांतून त्यांनी आजवर हत्ती केले, मगरी केल्या, आणि एक बैल ऐसा केला की खऱ्या गाईने त्यास चाटिले. पंतांस आपल्या हातांचा गर्व बहुत, आणि जिभेस लगाम नाही. दुसरा पक्ष संगणकशाळेचा. त्याचे मुख्य अद्वैतराव मुळगुंद. हे काचेच्या थंडगार खोलीत बसोन संगणकावर जे म्हणाल ते निर्माण करीत: पूर, वणवा, फौजा, आकाशयाने. आणि मौज ऐसी, की हेच अद्वैतराव पूर्वी पंतांचे शिष्य. पंतांच्या शाळेत कानस घासोन त्यांचे हात काळे जाहले होते. मग एके दिवशी ते उठोन संगणकाकडे गेले, आणि पंतांनी त्या दिवसापासून त्यांचे नाव टाकिले. बोलणे पडल्यास 'तो काचेतला' ऐसे म्हणत.

श्रीमंतांनी दोघांस मसलतीस बोलाविले. पंत म्हणाले, "श्रीमंत, सोबतीची गोष्ट आहे ही. सोबतीला कुणीतरी असावं लागतं. रत्नप्रभाताईंच्या समोर उभा राहील, त्याची सावली त्यांच्या अंगावर पडेल, असा करून देतो." श्रीमंतांचे डोळे भरोन आले आणि ते म्हणाले, "पंत, हेच. अगदी हेच." मग अद्वैतराव म्हणाले, "पंतांचा रोबो छान दिसेल, प्रश्नच नाही. पण तो जिना चढेल का? पावसात भिजेल का? तुम्हाला महिन्याभरानं वाटलं की भुवई जरा वर हवी होती, तर पंत काय करणार? मी ती वर करीन." तेव्हा श्रीमंत मांडीवर थाप मारोन म्हणाले, "अद्वैत, हेच. अगदी हेच." कालिंदीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारिले, "श्रीमंत, दोन्ही 'हेच' कसे असतील? उद्या सकाळी मी कुणाला कामाला लावू?" श्रीमंत उठता उठता म्हणाले, "बाई, तुम्ही फार बारकाव्यात शिरता." आणि खासा स्वारी चहास गेली. बाईंनी चष्मा काढिला.

मग अखेरीस पंतांचे पारडे जड जाहले, कारण श्रीमंतांस त्यांचेच घरी जेवावयास जाण्याचा योग आला. यंत्रपुरुष घडू लागला. उंची दार कमी पडावे इतकी, अंग जुन्या पितळी समईसारखे, पाठ किंचित वाकलेली, मुद्रा ऐसी की काही विचारावयाचे आहे परंतु संकोच वाटतो. आत मोटारी, आणि दुरोन रिमोट घेऊन पंतांचे लोक एक मान हलवी, एक हात हलवी, एक बोटे. लोकांनी त्याचे नाव लोहाजी ठेविले. यंत्रशाळेत लोहाजीने कप उचलिला, खाली ठेविला, पदराचे टोक धरिले, सोडिले. रत्नप्रभाबाई पाहावयास आल्या, त्यांनी त्याच्या गालावर हात फिरविला आणि म्हणाल्या, "थंड आहे, पण लबाड नाही." पंत इतके संतोष पावले की त्या दिवशी कोणावर खेकसले नाहीत.

मग चित्रणाचा दिवस उगवला. खोटे अंगण, खरे तुळशीचे झाड, रत्नप्रभाबाई नऊवारीत, समोर लोहाजी. प्रसंग ऐसा की म्हातारी म्हणते, 'चालता हो माझ्या दारातून,' आणि यंत्राने खाली मान घालोन उभे राहावे. श्रीमंत आपल्या खुर्चीवरून वॉकीटॉकीत बोलिले, "शांतता." तो लोहाजीने उजवा हात वर केला, जसा वर्गात पोर करितो. थांबविले, हात खाली आणिला, पुन्हा सिद्धता जाहली. श्रीमंत वॉकीटॉकीत बोलिले, "सुरू." लोहाजीची मान होय होय करू लागली. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "चालता हो माझ्या दारातून," आणि तो होय होय करीत तेथेच उभा. बाईंस हसू आवरेना. सबंध दिवस ऐसाच गेला. पंत आपल्या लोकांवर ओरडले, लोक बॅटरीवर रुसले, श्रीमंत म्हणू लागले की यंत्रास माझे दिग्दर्शन कळत नाही. मग कालिंदीबाई, ज्या सकाळपासून उभ्या होत्या, त्यांचे ध्यानी आले की श्रीमंत बोलले की लोहाजी हलतो, आणि श्रीमंत जेवावयास गेले की लोहाजी देवासारखा स्वस्थ. त्यांनी पंतांस बाजूस घेऊन विचारिले आणि पंतांनी रिमोट आणि वॉकीटॉकी जवळ आणोन पाहिली, तर खरेच, या लहरी त्या लहरींत मिसळत होत्या. बाई श्रीमंतांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "रोबो उभा असताना तुम्ही वॉकीटॉकी वापरायची नाही. तोंडानं बोला." श्रीमंतांचा चेहरा पडला. "म्हणजे दोष माझा?" "दोष लहरींचा. पण बटण तुम्ही दाबता." श्रीमंत रुसोन उठोन गेले, आणि दुसरे दिवशी हुकूम जाहला की यंत्रशाळेचा कारभार बंद, सर्व काम संगणकशाळेकडे, आणि हे पंतांस कालिंदीबाईंनी कळवावे. बाईंनी कळविले. पंतांनी ऐकोन घेतले आणि लोहाजीवर चादर घातली. ते ओरडले असते तर बाईंस बरे वाटले असते.

येथून दुसरे पर्व. हिरवा पडदा लागला, आणि लोहाजीच्या जागी एक काठी उभी राहिली, काठीच्या टोकास टेनिसचा चेंडू. अद्वैतरावांनी अदबीने समजाविले, "ताई, हा चेंडू म्हणजे त्याचे डोळे. तुम्ही इथं बघा. बाकी सगळं आम्ही नंतर घालतो." रत्नप्रभाबाईंनी चेंडूकडे पाहिले. मग अद्वैतरावांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बरं." आणि प्रामाणिकपणे यत्न केला. चेंडूस दटाविले, चेंडूस ताट वाढिले, चेंडूपुढे डोळ्यांत पाणी आणिले. परंतु कॅमेऱ्यात जे दिसे ते ऐसे, की एक थोर नटी एका चेंडूशी बोलते आहे. नजर पोचे, परंतु परत येत नसे. बाई थकोन कालिंदीबाईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कालिंदी, मी वाईट नटांसमोर काम केलंय, प्यायलेल्या नटांसमोर केलंय, एकदा तर झोपलेल्या नटासमोर केलंय. पण तो झोपेत श्वास तरी घेत होता. हा चेंडू माझ्याकडून काही घेतच नाही गं. मग मी देऊ कुणाला?"  कालिंदीबाईंनी चहा मागविला.

इकडे अद्वैतरावांनी रात्रीचा दिवस करोन पहिला नमुना सिद्ध केला आणि सर्वांस दाखविला. पडद्यावर यंत्रमानव आला तो ऐसा देखणा की डोळे दिपावे. अंगावर प्रत्येक दिव्याची चमक, भुवई श्रीमंतांनी सांगितली तितकी वर. श्रीमंतांनी टाळ्या वाजविल्या. रत्नप्रभाबाई बहुत वेळ पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हा माझ्या घरात राहात नाही. ह्याच्या पायाखाली शेणानं सारवलेली जमीन आहे, ती दबतच नाही." अद्वैतरावांस हे झोंबले. त्यांनी पुन्हा केले, पाऊल जड केले, धूळ उडविली. मग जमीन दबली, परंतु तो बाईंचा पदर धरी तेव्हा पदर हलत नसे, कारण चित्रण जाहले त्या दिवशी पदर कोणी धरिलाच नव्हता. अद्वैतराव कालिंदीबाईंस म्हणाले, "मी पदर पण नव्यानं करू शकतो. मग हात नव्यानं करावा लागेल. मग ताईंचा खांदा. असं करत करत ताईच नव्यानं कराव्या लागतील." बाई म्हणाल्या, "मग अद्वैत, ताईंना आपण कशाला बोलावलं?" अद्वैतराव पुन्हा संगणकाकडे वळले. त्यांच्या डोळ्यांखाली काळे जाहले होते, आणि बाईंस राग कोणावर धरावा हेच कळेनासे जाहले, कारण जो तो आपल्या परीने राबत होता आणि काम तसूभर पुढे सरकत नव्हते.

श्रीमंतांनी मग तिसरा मनसुबा काढिला, की दोन्ही पक्ष एकत्र करावे: अर्धा यंत्राचा, अर्धा संगणकाचा. मनसुबा वाईट नव्हता, परंतु अर्धा म्हणजे कोठपर्यंत, याचा निवाडा श्रीमंतांनी बाईंवर सोडिला आणि आपण स्थळ पाहावयास बाहेरगावी गेले. मग कालिंदीबाईंनी आपल्या खोलीत दोघांची गाठ घातली. पंत अद्वैतरावांकडे पाहात नव्हते, जे बोलणे ते बाईंच्या मुखे. "त्याला सांगा, चेहरा मी देणार नाही." "पंतांना सांगा, चालणं त्यांना जमत नाही, हे त्यांनीच पाहिलंय." "सांगा त्याला, की खांदा माझा." "खांदा घ्या, पण मान वळताना मला थोडी लागेल." "थोडी म्हणजे किती, विचारा त्याला." ऐसे सबंध दुपारभर. लोहाजीचे चित्र मेजावर पसरिले होते आणि दोघे त्याच्या अंगावर रेघा ओढीत होते, जैसे भाऊबंद बांधावरून भांडतात. शेवटी बाईंनी खडू घेतला आणि लोहाजीच्या कमरेवर आडवी रेघ मारिली, आणि म्हणाल्या, "वरचं पंतांचं, खालचं अद्वैतचं. वर कुणी संगणक लावायचा नाही, खाली कुणी पाना लावायचा नाही. अर्धा लोहाजी उभा धरायला तारा लागतील, त्या चित्रातून अद्वैतनं पुसायच्या. मला घरी जायचंय." दोघांनी मान डोलाविली. दोघांसही वाटले की आपण हरलो, म्हणोन बाईंस वाटले की तह न्यायाचा जाहला. यास मुलुखात कमरेचा तह म्हणतात.

तहानंतर काही काळ बरा गेला. लोहाजीवरची चादर निघाली, कमरेपासून वरचा लोहाजी हिरव्या चौथऱ्यावर बसविला, पाय अद्वैतराव मागाहून देणार. रत्नप्रभाबाईंस समोर मुद्रा मिळाली आणि त्यांचे बोलणे पुन्हा जिवंत जाहले. लोहाजीची मान वळण्यास जरा उशीर होई, तर बाई त्या उशिराची वाट पाहात आणि तेवढ्यात काही ऐसे करीत की पाहाणारास वाटावे, यंत्र विचार करिते आहे. श्रीमंत परत आले, पाहोन प्रसन्न जाहले आणि म्हणाले की आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो. बाईंनी तेही ऐकोन घेतले.

मग तो मुख्य प्रसंग आला, हात धरण्याचा. म्हातारी ओसरीवर बसली आहे, लेकाचा फोन येऊन गेला, तो यंदाही येत नाही. लोहाजीने हात पुढे करोन तिचे मनगट हळूच धरावे आणि सोडावे. पंत स्वतः बोटांचा रिमोट घेऊन बसले. श्रीमंतांस बाईंनी बजाविले होते आणि त्यांच्या खुर्चीजवळची वॉकीटॉकी उचलोन नेली होती. परंतु श्रीमंतांनी दिवेवाल्याची मागोन घेतली होती, खिशात. प्रसंग सुरू जाहला. रत्नप्रभाबाईंनी फोन खाली ठेविला आणि अंगणाकडे पाहात राहिल्या, आणि ते पाहाणे ऐसे की दिवे धरणारे लोक आपापल्या आईच्या आठवणीने स्तब्ध जाहले. लोहाजीचा हात पुढे आला, बोटे मनगटावर टेकली. श्रीमंतांस राहावले नाही. त्यांनी खिशातून वॉकीटॉकी काढिली आणि कॅमेऱ्यावरच्या माणसास कुजबुजले, "जवळ जा, अजून जवळ." त्यासरशी लोहाजीची बोटे मिटली ती घट्ट मिटली, आणि पंतांनी कळ दाबिली, पुन्हा दाबिली, बोटे सुटेनात. पंतांचा चेहरा पांढरा पडला, कारण त्या बोटांच्या आत मळसूत्र होते. बॅटरी संपली तरी लोहाजीच्या हातून कप पडू नये म्हणोन पंतांनी मोठ्या हौसेने ते बसविले होते. वीज तोडिली तरी पकड राहाणार, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नव्हते.

रत्नप्रभाबाई ओरडल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली, श्वास अडला, मग त्यांनी दुसरा हात उचलोन लोहाजीच्या मिटल्या बोटांवर ठेविला आणि त्याच्या मुद्रेकडे पाहोन अगदी हळू म्हणाल्या, "सोड रे. मी कुठं जातेय? सोड. इथंच आहे मी." हे वाक्य कोणी लिहिले नव्हते. कालिंदीबाई पहिल्या क्षणी तैशाच उभ्या राहिल्या, त्यांसही वाटले की हा अभिनय. मग त्यांनी बाईंच्या नखांचा रंग पाहिला आणि धावल्या. "सोडवा. हात अडकलाय." पंत स्क्रू काढण्याचे हत्यार घेऊन आले. मनगटामागील खिळा सापडेना, सापडला तर टोक बसेना. ज्या हातांचा गर्व तेच हात ऐकत नव्हते. तेव्हा अद्वैतराव पडद्यामागोन आले, खाली बसले, आणि काही न विचारिता पंतांच्या हातातून हत्यार घेतले. पंत म्हणाले, "डाव्या बाजूनं. वरचा आधी." अद्वैतराव म्हणाले, "माहितेय." "उलटा आटा आहे." "माहितेय, पंत. असे आटे तुम्हीच शिकवलेत." खिळे निघाले, लोहाजीचा पंजा मनगटापासून सुटा जाहला, मग बोटे एकेक उकलली, आणि रत्नप्रभाबाईंचा हात बाहेर आला. मनगट काळेनिळे, परंतु हाड शाबूत. वैद्य आले, शेक दिला. पंत ओसरीच्या कडेस बसले ते उठेनात. कालिंदीबाई उठल्या आणि श्रीमंतांच्या पुढे जाऊन हात पसरिला. श्रीमंतांनी मुकाट्याने वॉकीटॉकी त्यात ठेविली. बाई म्हणाल्या, "एवढं एकच सांगितलं होतं." श्रीमंतांस ते बोलणे शिवीपेक्षा जड गेले. मग ध्यानी आले की या सर्व गडबडीत थांबा ऐसे कॅमेऱ्यास कोणी म्हणालेच नव्हते, आणि तो चालूच होता.

पुढे मोठा वाद पडला की ते चित्रण वापरावे की नाही. श्रीमंतांस ते हवे होते परंतु मागण्याचे तोंड नव्हते. कालिंदीबाईंचे म्हणणे ठाम, की एका वयस्क बाईस इजा जाहली त्याचा देखावा करोन विकणे हे या मुलुखास शोभत नाही, आणि तैसे जाहल्यास आपण कारभार सोडू. रत्नप्रभाबाईंस विचारिले तेव्हा हाताचे बँडेज मांडीवर ठेवोन त्या म्हणाल्या, "कालिंदी, तुझा राग बरोबर आहे, तो सोडू नकोस. पण हात माझा आहे. मला दुखत होतं ते खरं. आणि त्याला सोडता येत नव्हतं, त्याची दया आली, तेही खरं. इतक्या वर्षांत दोन्ही एकदम खरं कधी झालं नव्हतं. ठेवा ते." मग त्यांनी श्रीमंतांस जवळ बोलाविले आणि म्हणाल्या, "आणि तू माझी माफी माग. सगळ्यांसमोर." श्रीमंतांनी मागितली. चांगली मागितली, लांबण न लाविता. परंतु स्वभाव जातो कोठे. आठवडा गेला नाही तो ते अद्वैतरावांच्या खोलीत जाऊन म्हणाले की प्रसंग उत्तम आहे, परंतु पंजा ओबडधोबड दिसतो, तेवढा संगणकावर नवा कर, बोटे निमुळती, जरा चमक. अद्वैतरावांनी खुर्ची वळविली आणि म्हणाले, "तारा पुसतो. हिरवा चौथरा पुसतो. पाय देतो. पण त्या हाताला मी हात लावणार नाही." "का?" "कमरेच्या वर आहे तो." श्रीमंत कालिंदीबाईंकडे तक्रार घेऊन आले. बाई म्हणाल्या, "तह तुमच्या नावानं झालाय, श्रीमंत." आणि पुढील कामास लागल्या.

यथाकाल चित्रपट पडद्यावर आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. थिएटरात त्या प्रसंगी कोणी खोकत नसे. वृत्तपत्रांनी स्तुती केली ती मात्र ऐसी की वाचोन कालिंदीबाईंनी चष्मा काढिला. लिहिले होते की लोहाजीची चाल पाहा, जुन्या कारागिरीचा खरा लोखंडी वजनदारपणा त्या पावलांत आहे, हे संगणकास कधी साधणे नाही; आणि हात धरण्याचा प्रसंग पाहा, इतकी सूक्ष्म बोटे केवळ संगणकच करू जाणे. पावले अद्वैतरावांची, बोटे पंतांची. बाईंनी खुलाशाचा कागद काढिला, तो कोणी छापिला नाही. एकाने उत्तर पाठविले की आपण सांगता ते रोचक आहे, परंतु आमचे जाणकार तैसे म्हणत नाहीत. मग मोठा समारंभ जाहला, आणि त्या हाताच्या प्रसंगासाठी उत्कृष्ट संगणकचित्रांचे मानचिन्ह राजश्री अद्वैतराव मुळगुंद यांस जाहीर जाहले. अद्वैतराव मंचावर गेले आणि म्हणाले, "हा हात खरा होता. विश्वंभरपंत तेंडोलीकरांनी केला. मी फक्त तारा पुसल्या." लोक हसले आणि टाळ्या वाजविल्या, की पाहा, मनुष्य किती विनयशील.

ते संतापोन खाली आले आणि मानचिन्ह पंतांच्या मांडीवर ठेविले. "घ्या, पंत. तुमचं आहे." पंतांनी ते परत सारिले. "मला कशाला? तारा दिसल्या असत्या तर लोहाजी जत्रेतली बाहुली वाटला असता. पुसल्या कुणी?" "तारा कुणीही पुसतं." "कुणीही नाही पुसत. मी पाहिलंय, ताईंच्या केसाआडून गेलेली तार होती. एकेक केस ठेवलायस. ते काय मी केलं?" "पण पकड तुमची." "सुटका तुझी." "मी घेणार नाही." "मग मी तर मुळीच घेणार नाही." सभोवारचे लोक वळोन पाहू लागले. श्रीमंत मध्ये पडले आणि म्हणाले, "पंत बरोबर बोलतायत," आणि मग अद्वैतरावांचे ऐकोन म्हणाले, "नाही, अद्वैतचं बरोबर आहे." रत्नप्रभाबाई हसत होत्या. कालिंदीबाई दोघांच्या मध्ये बसल्या होत्या, आणि ते मानचिन्ह त्यांच्या मांडीवरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होते. त्यांचे मनी आले की तिळाएवढी जागा दुसऱ्यास न देणारे हे दोघे आता सबंध लोहाजी एकमेकांच्या गळ्यात घालू पाहातात. भांडण काही मिटले नाही, फक्त त्याचे तोंड फिरले. आणि याचाही तह आपणासच करावा लागणार. त्यांनी पर्समध्ये हात घातला आणि विचारिले, "कुणाकडे खडू आहे का?"

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरीचे वर्तमान समाप्त जाहले. लोहाजीचा पंजा पंतांनी पुन्हा जोडिला, मळसूत्र काढोन. अद्वैतराव रविवारी यंत्रशाळेत येऊ लागले आणि पंत त्यांस नावाने हाक मारू लागले, बहुधा दोष दाखविण्यासाठी. रत्नप्रभाबाईंचे मनगट थंडीत ठणके, त्याविषयी त्या कोणास बोलत नसत. श्रीमंत होते तैसेच राहिले. कालिंदीबाईंनी चष्मा नवा केला. जे घडले ते लिहिले, अधिकउणे असल्यास वाचणाराने आपल्या घरी दुरुस्त करोन घ्यावे, आम्हांस कळवू नये. लेखनसीमा.